सातबाऱ्यावर नाव लागायला कुणाला किती हेलपाटे पडतात

प्रश्न असा आलाय की सातबारा आता ऑनलाइन झाला, पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा उतारा मोबाईलवर निघतो, मग जमिनीच्या कारभारामुळे विषमता वाढते असं का म्हणतात? कुणाला जास्त जमीन कुणाला कमी हे तर आधीपासूनच आहे, तलाठी फक्त नोंद ठेवतो. आणि पुढे विचारलंय की माझ्या आत्याचं नाव आजोबांच्या जमिनीला लागलेलं नाही, पण ती स्वतःच नको म्हणते, मग ह्यात प्रशासनाचा काय दोष.

मी मराठवाड्यात २९ वर्षं महसूल खात्यात काढली, आधी तलाठी आणि शेवटी सर्कल म्हणजे मंडळ अधिकारी. रिटायर झाल्यापासून लोकांची वारसाची, वाटणीची, गायरानाची कागदं बघून देतो. त्यामुळे "फक्त नोंद ठेवतो" ह्या शब्दापासूनच सुरुवात करतो, कारण खरी गडबड तिथंच आहे.

कायद्यात सातबारा हा मालकीचा पुरावा नाही, तो महसूल वसुलीसाठी ठेवलेला अभिलेख आहे, हे कोर्टांनी कितीतरी वेळा सांगून झालंय. पण त्याच महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ मध्ये कलम १५७ आहे, ते म्हणतं की हक्कनोंदणीतली नोंद खोटी आहे असं सिद्ध होईपर्यंत ती खरी धरायची. आता ह्याचा व्यवहारातला अर्थ बघा. ज्याचं नाव लागलेलं आहे त्याला काहीच सिद्ध करायचं नसतं, तो घरी बसला तरी चालतं, आणि ज्याचं नाव नाही त्यानं प्रांताकडे म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करायचं, नाहीतर दिवाणी कोर्टात दावा लावायचा, वकील बघायचा, दहा-पंधरा वर्षं तारखा करायच्या. म्हणजे चूक कुणाचीही असो, खर्च कायम नाव नसलेल्याच्या अंगावर. आणि नाव नसलेलं माणूस बहुतेक वेळा कोण असतं? विधवा बाई, लग्न होऊन गेलेली बहीण, धाकटा अडाणी भाऊ, बटईनं म्हणजे दुसऱ्याची जमीन हिश्श्यानं करणारा, गायरान म्हणजे गावची सरकारी चराऊ जमीन कसणारा भूमिहीन. हे लोक आधीच मागे आहेत आणि नोंदवही त्यांना तिथंच धरून ठेवते.

एक गोष्ट मला नोकरीतसुद्धा फार उशिरा कळली. खरेदीखत झालं की दुय्यम निबंधकाच्या ऑफिसातून त्याची वर्दी आपोआप तलाठ्याच्या लॉगिनला येते, तलाठी फेर म्हणजे नाव बदलाची नोंद धरतो, नमुना नऊची नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीची वाट बघायची आणि सर्कलनं फेर प्रमाणित करायचा, घेणाऱ्याला अर्जसुद्धा करावा लागत नाही. तेच वारसाचं घ्या. नवरा गेला की बाईनं मृत्यूचा दाखला काढायचा, सगळ्या वारसांची नावं-वयं-पत्ते लिहायचे, शपथपत्र करायचं, आधार जोडायचं, आणि अर्ज घेऊन सज्जावर म्हणजे तलाठ्याच्या ऑफिसात जायचं किंवा ई-हक्क ह्या सरकारी पोर्टलवर भरायचा. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असं कायदा तिलाच सांगतो. म्हणजे ज्याच्याकडे जमीन विकत घ्यायचे पैसे आहेत त्याच्यासाठी सिस्टीम स्वतः चालत येते, आणि जिचं कुंकू पुसलं गेलंय तिनं चालत जायचं. मी वीसेक वर्षं दोन्ही प्रकारचे फेर रोज बघत होतो तरी हा फरक माझ्या डोक्यात आला नव्हता.

त्या बायका यायच्या तशा अजून डोळ्यापुढे आहेत. बारदान्याच्या पिशवीत प्लास्टिकची पिशवी, त्यात घडी घालून घालून घडीवरच फाटलेला जुना हस्तलिखित उतारा, लग्नाची पत्रिका, रेशनकार्ड, आणि नवऱ्याचं सोसायटीचं पासबुक. नेमका लागणारा मृत्यूचा दाखला नसायचा, कारण माणूस दवाखान्यात तालुक्याला किंवा लातूर-संभाजीनगरला गेलेला, नोंद तिकडे, आणि दाखला आणायला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी, गाडीभाडं, आणि सोबत दीर. आणि दिरालाच तर ते नाव लागायला नको असतं!

जुन्या नोंदींत आणखी एक प्रकार आहे, ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बाप वारला की थोरल्याचं नाव ए.कु.मॅ. म्हणून लावायचे, बाकीच्यांचं एकत्रच आहे म्हणून सोडून द्यायचे. त्या वेळी कुणाला काही वाटलं नाही, घरात एकच चूल होती. पुढे थोरला वारला, तलाठ्यानं वारस म्हणून फक्त थोरल्याची पोरं लावली, ए.कु.मॅ. ही तीन अक्षरं नव्या उताऱ्यावर आलीच नाहीत, आणि धाकट्या भावांचं अख्खं घराणं जमिनीवरून गेलं. कुणी फसवलं असंही प्रत्येक वेळी नसतं, नुसती नक्कल करताना तीन अक्षरं सुटली. पण धाकटा जर पुण्या-मुंबईला नोकरीला असेल, शिकलेला असेल, तर तो जुने फेर काढून भांडून नाव लावून घेतो, आणि धाकटा ऊसतोडीला जाणारा असेल तर तो सहा महिने गावातच नसतो, नोटीस चावडीवर चिकटते आणि तिथंच वाळते. चूक सारखीच झाली होती, एकाला दुरुस्त करता आली, दुसऱ्याला नाही.

आता बहिणींचं, हे जरा सविस्तर सांगतो कारण प्रश्नातला आत्याचा मुद्दा इथंच येतो.

कायदा मुलींच्या बाजूनं आहे, आजचा नाही, बराच आधीपासून. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या हिश्श्यात मुलीला वाटा दिला. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये स्वतःची दुरुस्ती करून वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांसारखा जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. मग केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, त्यात लग्नाची अट गेली, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा प्रकरणात सांगून टाकलं की २००५ ला बाप हयात असणं सुद्धा गरजेचं नाही. इतका कायदा झाला. तरी २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या एकूण वहितीधारकांत बायका साधारण १४ टक्केच होत्या. शेतात बघा, खुरपणी, वेचणी, कांदे लावणी सगळीकडे बायकाच दिसतात.

मग मधे काय होतं? मधे हक्कसोडपत्र होतं, म्हणजे आपला हिस्सा सोडून दिल्याचा कागद. दुय्यम निबंधक ऑफिसच्या बाहेर लिंबाखाली बॉन्ड रायटरचं टेबल असतं, तिथं मी किती वेळा बघितलंय, बापाचं दिवसकार्य होऊन महिना-दोन महिने झालेले, दोन-तीन बहिणी नव्या साड्या नेसून बाकड्यावर बसलेल्या, भाऊ झेरॉक्सला पळतोय. एकदा एक पन्नाशीची ताई भावाला म्हणाली, "दादा, ह्यात काय लिहिलंय ते तरी वाचून दाखव." भाऊ म्हणाला, "काही नाही ग, नाव कमी करायचं आहे फक्त." नाव कमी करायचं फक्त! साडेतीन एकर बागायती होती, विहीर होती. ती सही करून गेली. फेर माझ्याकडे आला, दस्त रजिस्टर होता, हरकत कुणाची नव्हती, मी मंजूर केला. नियमानं माझ्याकडे नाकारायला कारणच नव्हतं. असे शेकड्यानं फेर माझ्या सहीनं झालेत आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण एक प्रश्न मी विचारू शकलो असतो, "ताई, तुम्हाला कळलंय का काय सोडताय?" कायद्यानं विचारायला मनाई नव्हती.

बहिणी का सोडतात हे सगळ्यांना माहीत आहे, माहेर तुटतं. दिवाळीला भाऊबीजेला जायचं दार एकच असतं आणि नवऱ्याशी बिनसलं तर परत यायचं दारही तेच. म्हणून ती नको म्हणते. पण हिस्सा सोडायला कागद तयार, टेबल तयार, मुद्रांक जवळपास नाममात्र, एका दिवसात काम फत्ते. आणि हिस्सा घ्यायचा म्हटलं तर कलम ८५ खाली तहसीलदाराकडे वाटपाचा अर्ज, सगळ्यांची संमती नसेल तर कोर्ट, मग मोजणी, मग ताबा. सोडायची वाट डांबरी आणि घ्यायची वाट चिखलाची ठेवली तर माणूस कुठून जाईल? त्यामुळे "ती स्वतःच नको म्हणते" हे खरं असलं तरी पूर्ण खरं नाही.

ह्याच्या उलट्या दिशेनं काम झालेलंही आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मी मुक्तीची मोहीम काढली होती, नवऱ्यानं हयातीतच बायकोच्या नावावर जमीन करायची, पुढे १९९२ च्या सरकारी परिपत्रकानं बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्याला लावायची सोय झाली. नवऱ्याचा साधा अर्ज लागतो. पण माझ्या कारकिर्दीत असे अर्ज मी बोटावर मोजण्याइतके बघितले, कारण योजनेचं कुणी कुणाला सांगतच नाही, आणि तलाठ्याला त्याचं टार्गेट नसतं.

कुणी म्हणेल नाव नसलं म्हणून काय झालं, घरात खायला मिळतंय ना. हे तीस वर्षांपूर्वी थोडंफार चाललं असतं. आता सरकारची प्रत्येक मदत सातबाऱ्याला बांधलेली आहे. पीएम किसानचे वर्षाला ६ हजार, १ फेब्रुवारी २०१९ ला ज्याच्या नावावर जमीन होती त्याला, वारसानं आलेली असेल तर त्याची सूट. पीककर्ज, विमा, अतिवृष्टीचं अनुदान, ठिबक, विहीर, रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला, सगळं. २०२५ पासून फार्मर आयडी आला, तोही जमिनीच्या नोंदीवरूनच बनतो. म्हणजे एका रजिस्टरातली चूक पूर्वी एकाच ठिकाणी नडायची, आता ती दहा ठिकाणी नडते.

बटईवाल्याचं तर सगळ्यात वाईट. आमच्या भागात निम्म्यानं, तिसऱ्या हिश्श्यानं करणारे भरपूर, पण कागदावर एकही नाही. मालकाला भीती की नाव लागलं तर कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क बसेल, म्हणून तोंडी बोली, आणि दोन-तीन वर्षांनी माणूस बदलायचा. ही भीती कुळकायद्यातून आली. १ एप्रिल १९५७ ला पश्चिम महाराष्ट्रात कृषकदिन झाला, कसेल त्याची जमीन, आमच्याकडे हैदराबादचा १९५० चा कायदा होता, आणि त्यातून खरोखर लाखो कुळं मालक झाली, माझे आजोबा त्यातलेच, ते नसतं झालं तर मी शिकलोच नसतो. पण ज्यांची नोंद त्या वेळी कूळ म्हणून नव्हती, मालकानं आधीच पीकपाहणीतून नाव उडवलं होतं, त्यांना काहीच मिळालं नाही, आणि त्यानंतर कुणी कुणाची नोंद होऊच दिली नाही. वहिवाट वेगळ्या माणसाची दिसली तर तलाठ्यानं नमुना १४ भरून तहसीलदाराकडे पाठवायचा असा नियम आहे. मालकाच्या नाराजीला तोंड देऊन तो भरणारा तलाठी क्वचितच. आता ई-पीक पाहणीत फोटो शेतातून काढायचा, पण पीक नोंदलं जातं खातेदाराच्या नावानं. बी-बियाणं बटईदाराचं, खताची उधारी बटईदाराची, गारपीट झाली की पैसे मालकाच्या खात्यात. काही मालक अर्धे देतात, खरंच देतात, पण ते त्यांच्या मनावर.

आणि त्यातून कुणी जीव दिला तर? शेतकरी आत्महत्येची १ लाखाची मदत आहे, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेव म्हणून. त्याला अटी काय, तर कुटुंबात कुणाच्या तरी नावे जमीन, बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज, आणि वसुलीचा तगादा. नुसती दुसऱ्याची जमीन बटईनं करणारा भूमिहीन माणूस गेला की पहिल्याच अटीला 'अपात्र'. असे पंचनामे मी केलेत. बाई विचारते, "साहेब, मग ते शेतकरी नव्हते का?" ह्याचं उत्तर मला कधी देता आलं नाही.

गायरानाचं सांगतो. मराठवाड्यात दलित, भटके, आदिवासी लोकांनी गायरान तोडून कसायला सुरुवात केली त्याला खूप दशकं झाली, दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा सत्याग्रह १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला झाला, तिथून ती हिंमत आली. सरकारनं २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय काढला, भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायची. चांगला निर्णय होता. पण पुरावा काय? गाव नमुना १ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, नाहीतर दंडाची पावती. तलाठ्यानं दंड केला असेल तर तोच गरिबाचा दस्तऐवज.

एका गावात दोन आबांची कागदं मी स्वतः बघितली. बांधाला बांध लागून जमीन, दोघांनी एकाच वर्षी दगड वेचून वावर केलेलं, एकाच दिवशी दंड भरलेला. दोघांनीही पत्र्याच्या पेटीत, कपड्यात गुंडाळून पावत्या ठेवलेल्या, हळदीचे डाग पडलेल्या. एकाच्या पावतीवर गट नंबर, क्षेत्र आणि साल होतं. दुसऱ्याच्या पावतीवर नुसतं 'दंड' आणि आकडा. त्या दिवशी तलाठ्याचं पावतीपुस्तक संपत आलं असेल, घाई असेल, संध्याकाळ झाली असेल, काय असेल ते असो, पण पहिल्याच्या नावावर दोन एकराचा सातबारा झाला आणि दुसऱ्याचं प्रकरण परत-परत 'पुराव्याअभावी' येत राहिलं. पहिल्याच्या नातवाला विहिरीचं अनुदान मिळालं. दुसऱ्याची पोरं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. जात तीच, वस्ती तीच, कष्ट तेवढेच. आणि ह्या दोन पावत्यांमधला फरक तलाठ्याच्या पेनाचा होता.

पुढे जानेवारी २०११ ला जगपाल सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टानं गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितलं आणि त्याच वर्षी जुलैत राज्यानंही धोरण कडक केलं. तो निकाल धनदांडग्यांनी गिळलेल्या जमिनींबद्दल होता, आणि त्यातच लिहिलंय की भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना सरकारी निर्णयानं दिलेल्या जमिनीसारखे अपवाद करता येतील. पण नोटिसा निघतात तेव्हा तो अपवाद कुणी वाचत नाही. गावात गायरानावर मंगल कार्यालय, पुढाऱ्याचा गोठा, शाळेचं मैदानही असतं, आणि ज्वारीचं दोन एकर वावरही असतं, यादीत सगळे एकाच शब्दाखाली, 'अतिक्रमणधारक'. आधी हात लागतो तो ज्वारीला, कारण गोठेवाल्याला स्टे आणता येतो.

वतनाच्या, म्हणजे गावकामाच्या बदल्यात दिलेल्या, जमिनींचं थोडक्यात सांगतो. पश्चिम महाराष्ट्रात महार वतनाच्या जुलमाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ लाच मुंबई कौन्सिलात बिल आणलं होतं. वतनं गेली १९५८ च्या कायद्यानं, जमीन परत मिळाली ती नवीन आणि अविभाज्य शर्तीवर, कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही. मूळ हेतू संरक्षणाचा आणि मी त्या अटीच्या बाजूनं आहे, ती काढली तर शहराजवळ एक गुंठा उरायचा नाही. पण कुळकायद्यातल्या मालकाला २०१४ पासून ३२म चं म्हणजे कुळानं जमीन विकत घेतल्याचं प्रमाणपत्र होऊन दहा वर्षं झाली की आकाराच्या म्हणजे शेतसाऱ्याच्या ४० पट भरून, म्हणजे अगदी किरकोळ रकमेत, बंधन काढता येतं, आणि वतनवाल्याला परवानगी आणि नजराण्याच्या, म्हणजे त्यासाठी सरकारला भरायच्या रकमेच्या, फाईलमागे फिरावं लागतं. मग त्यातले काही साध्या नोटरीवर, पडेल भावात देऊन टाकतात.

आता ऑनलाइनबद्दल. मी संगणकीकरणाच्या विरोधात मुळीच नाही. हस्तलिखित सातबाऱ्यात रात्रीतून नाव घालायचे, खोडायचे, ते बंद झालं, उताऱ्यासाठी तलाठ्याची मनधरणी बंद झाली, हे फार मोठं काम झालं. पण कॉम्प्युटरनं जुनंच रजिस्टर जसंच्या तसं आत घेतलं, सुटलेली ए.कु.मॅ., 'इतर हक्क' ह्या रकान्यात ढकललेल्या बहिणी, नोंद न झालेला बटईदार, सगळं तसंच, फक्त आता ते छापील आणि सहीचं झालं. २०१७ ला चावडी वाचन झालं, गावात बसून सातबारे वाचून दाखवायचे आणि चुका सांगायच्या. कल्पना उत्तम. मी ज्या गावांत होतो तिथं वाचन सकाळी अकराला, बायका कामावर, वस्तीतले लोक कामावर, समोर बसलेले सगळे ज्यांचे सातबारे आधीच बरोबर होते ते. दोन गावांत आम्ही ते रात्री जेवणानंतर, वस्तीतल्या समाजमंदिरात पुन्हा घेतलं तर एका रात्रीत अकरा चुका निघाल्या. वेळ आणि जागा बदलली, एवढंच केलं होतं.

२०२५ ची जिवंत सातबारा मोहीम म्हणूनच मला बरी वाटते, कारण मयत खातेदारांच्या याद्या तलाठ्यानं करायच्या आणि वारस लावायचे, अर्जाची वाट बघत बसायचं नाही. हे कायमचं व्हायला पाहिजे. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत झाली की खरेदीखतासारखीच तिची वर्दी तलाठ्याच्या लॉगिनला गेली पाहिजे, हक्कसोडपत्राच्या आधी बाईला एकटीला बसवून वाचून दाखवलं पाहिजे, आणि बटईदाराची पीकनोंद मालकीला धक्का न लावता होईल अशी सोय पाहिजे.

आता आत्याचं. आधी कागद बघा. आजोबांच्या नावाचा फेर ज्या नंबरानं कमी झाला तो फेर काढा, सातबाऱ्यावर नावासमोर कंसात नंबर असतो, आणि नमुना ६क म्हणजे वारस रजिस्टर बघा. तिथं आत्याचं नाव वारसात होतं आणि नंतर हक्कसोडपत्रानं गेलं, की लावलंच नव्हतं, हे आधी कळू द्या, दोन्हींचे मार्ग वेगळे आहेत. रजिस्टर हक्कसोड नसेल, नुसता जबाब किंवा कोऱ्या कागदावरची सही असेल, तर हक्क बहुतेक शाबूत असतो. लावलंच नसेल तर सगळे भाऊ तयार असताना तलाठ्याकडे अर्ज देऊन कोर्टाशिवाय लागू शकतं, आणि तुमचे वडील हयात आहेत तोवर ते सोपं आहे, नंतर चुलत भावंडं वाढली की अवघड होतं.

आणि तिला विचारताना भावांच्या समोर विचारू नका. तुम्ही एकटे जा, तिच्या घरी, तिचा नवरा आणि पोरं नसताना. "आत्या, तुला हिस्सा पाहिजे का" असं नका विचारू, ती नाहीच म्हणेल. "नाव राहू दे, जमीन बाबाच करतील, भाऊबीजेला तू तशीच ये" असं म्हणून बघा, आणि मग ती काय म्हणते ते ऐका.